मांडीवर सूप, पाठीशी पोर

विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असतं. सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोरा, कात्री. मजुरी हजारावर मिळते आणि हजार विड्या वळायला उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत बसावं लागतं, म्हणून ते सूप सहसा खाली उतरत नाही. सव्वा-दीड वर्षाच्या पोराची हक्काची जागा अशी आधीच भरलेली असते. सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून पार विडी घरकुलापर्यंत, हजारो घरांतली मुलं या सुपाच्या अवतीभवती रांगली, उभी राहिली, चालायला लागली. शहराला चादर आणि टॉवेलमुळे नाव मिळालं, पण या घरांतला संसार चालतो तो माग आणि विडी या दोन्हींवर.

आमच्या शेजारी असं एक घर आहे. पद्मशाली कुटुंब, घरात तेलुगू बोलतात. सोळा महिन्यांच्या मुलीला सगळे ‘पापा’ म्हणतात. वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात. आई विड्या वळते. आजीनं, म्हणजे पापाच्या अव्वानं, उभा जन्म विड्याच वळल्या. आता बोटं आखडली, नजर साथ देत नाही, म्हणून पापा तिच्याकडे. दुपारी मी तिथं जाऊन बसते. मूल वाढवणं हे काम म्हणून बघायचं, हा माझा हेतू होता. ते इतकं अवघड आणि इतकं नाजूक काम आहे, की मागावरच्या कारागिराइतका मान अव्वाला मिळायला हवा, असं आता माझं पक्कं मत झालं आहे.

उंबऱ्याचंच बघा. पापा चौदाव्या महिन्यात चालायला लागली. त्याआधी गल्लीत रोज चौकशी व्हायची, ‘अजून चालत नाही होय?’ जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतासह पाच देशांतली मुलं होती. निरोगी मूल आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ त्यात सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. शेजारचं पोर नवव्या महिन्यात चाललं आणि आपलं सोळाव्यात, तर दोन्ही ठीक. त्या अभ्यासातली शंभरातली चारेक मुलं तर गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. अठरा महिने उलटूनही मूल आधाराशिवाय चालत नसेल, तर मात्र वाट न बघता डॉक्टरांना दाखवावं.

चालणं आलं तरी उंबरा उरतोच. पापा उंबऱ्यापर्यंत दोन्ही हात वर धरून, पाय फाकवून येते आणि थांबते. खाली बघते. चौकटीला हात लावते, सोडते. मग बसते, अंग वळवते, पोटावर होते आणि एक पाय मागं सोडून पायरी शोधते. पाय टेकला की दुसरा. बाहेर गेली की लगेच आत यायचं असतं, आणि आत आली की पुन्हा बाहेर. अव्वा शेजारी बसून असते. तिचा हात पापाच्या पाठीमागं वीतभर अंतरावर असतो, टेकलेला नसतो. मी एकदा पटकन उचलून आत घ्यायला पुढं झाले तर म्हणाली, ‘राहू द्या अक्का, तिचं ती करूलालीय.’ पोटावर होऊन उतरायची युक्ती पापाला कुणी शिकवली नव्हती. तिला ती सापडेपर्यंत कुणीतरी तिथं बसून होतं, एवढंच.

खाली लहान चाकं असलेला, आत मूल बसवायचा प्लॅस्टिकचा वॉकर गल्लीत दोन-तीन घरांत आहे. त्यानं चालणं लवकर येत नाही, उलट पायरीवरून गडगडण्याचा धोका वाढतो. कॅनडात 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. आपला लाकडी पांगुळगाडा बरा. तिथं मूल स्वतःच्या पायांवर उभं असतं आणि जमीन बघत ढकलतं.

जेवणाचा प्रकार याहून लांब चालतो. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरली की अव्वा वरचा पापुद्रा सोडवते, निवू देते, खालचा मऊ भाग वरणात कुस्करते. पापुद्रा पापाच्या हातात. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत ती त्याचा तुकडा धरते, उलटसुलट करून बघते, तोंडाशी नेते, तो गालाला लागून खाली पडतो. फरशीवरचा तुकडा पुन्हा चिमटीत. वाटीत हात, हात केसांत. तिनं स्वतः खाल्लं तर पाऊण तास जातो. आईनं भरवलं तर दहा मिनिटांत वाटी रिकामी. आईला घाई असते, तिचा हजाराचा आकडा पुरा व्हायचा असतो, त्यात तिचा काय दोष? पण हातानं खाणं शिकायचं तर तो पाऊण तास कुणीतरी द्यावाच लागतो. या घरात तो अव्वा देते.

‘पोरगी खात नाही’ ही तक्रारही मी जवळजवळ रोज ऐकते. पहिल्या वर्षात मूल भराभर वाढतं, दुसऱ्या वर्षात तो वेग निम्म्याहून कमी होतो. मुलीचं सरासरी वजन जन्मताना 3.2 किलो, वर्षाला 8.9, दोन वर्षांना 11.5. वर्षभरात अडीच किलोच वाढायचे असतील तर भूकही तशीच असणार. नाक दाबून, मोबाइल दाखवून, पाठीमागं वाटी घेऊन पळून भरवण्याची गरज नाही. थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा, आणि त्यात तेलातुपाचा चमचा असावा. एक गोष्ट सोलापुरात मुद्दाम सांगायला हवी. इथं शेंगा घरोघरी. पण अख्खा शेंगदाणा लहान मुलाच्या हाती देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकला तर जीव जाऊ शकतो. कूट करून भाकरीवर घाला, ते उत्तम अन्न आहे.

संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते, सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात, आणि त्याच दिवसांत घरोघरी बोरन्हाण. तेलुगू लोकांत भोगीला मुलांच्या डोक्यावरून बोरं ओततात, मराठी घरांत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही. पापाचं दोन्ही पद्धतींनी झालं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, वरून चुरमुरे आणि बोरं. ती तेव्हा पाटावर धरून उभी राहत होती. पडलेलं बोर उचलून तोंडात घातलं तेव्हा सगळे हसत होते, आणि अव्वाचं बोट त्याच क्षणी तिच्या तोंडात होतं. बी बाहेर काढून ती परत हळदीकुंकवाला लागली.

अशी नजर चोवीस तास लागते, कारण घर कामाचं आहे. तंबाखूचा चुरा फरशीवर सांडतो आणि या वयात प्रत्येक वस्तू तोंडात जाते. थोडी तंबाखूही लहान मुलाला विषासारखी बाधते. कात्रीला धार असते. पापाची आई उठताना सूप कधी जमिनीवर ठेवत नाही, खुंटीला अडकवते. हा नियम तिच्या सासूनं घालून दिलेला, आणि सासूला तिच्या सासूनं. पाण्याचं पिंप हा दुसरा धोका. आपल्या शहराला नळाचं पाणी रोज नाही, चार-पाच दिवसांआड येतं, म्हणून घरोघरी पिंपं, बादल्या, टाक्या भरलेल्या. बादलीत वीतभर पाणी असलं आणि मूल डोक्यावर पडलं तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. पिंपाला झाकण आणि झाकणावर दगड, एवढं तरी प्रत्येकानं करावं.

पाण्याचाच परिणाम शी-शूवर. अव्वा पाय लांब करून बसते, पापाला दोन्ही पावलांवर बसवते आणि तोंडानं ‘शूऽऽ’ करते. या वयात मुलाला आधी सांगता येत नाही, झाल्यावर कळतं, आणि ते कळणंसुद्धा एक पायरीच आहे. त्यासाठी कापडी लंगोट चांगला, ओलं लगेच जाणवतं. पण पाणी न येण्याच्या दिवसांत लंगोट धुणार कशात? मग विकतचे डायपर येतात आणि दिवसभराच्या मजुरीतला लचका तोडून नेतात. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढं गेला की त्या डायपरनं अंगावर पुरळ उठतं. तेव्हा पापा उघडीच फिरते आणि अव्वा फडकं घेऊन तिच्या मागं.

दुपारी झोळी. जुन्या साडीची, वरच्या कडीला टांगलेली. झोळीची दोरी आईच्या पायाच्या अंगठ्याला. पाय पुढंमागं होतो, झोळी हलते, हात पान वळत राहतात: पान, तंबाखू, वळ, दोरा, टोकं दुमडायची. गल्लीभर मागांची खटखट चालू असते आणि पापा त्यात गाढ झोपते. वीज जाऊन माग थांबले की दचकून जागी होते.

बोलण्याबद्दल गल्लीत एक चुकीची समजूत आहे, की घरात दोन-तीन भाषा असल्या की मूल उशिरा बोलतं. पापाच्या कानावर घरी तेलुगू, ओट्यावर मराठी, समोरच्या लिंगायत घरातून कन्नड आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून दखनी पडते. तिला नको असलं की ‘वद्दु’, बाहेर जायचं असलं की ‘भूर’, तहान लागली की ‘पानी’. हे शब्द सगळे मिळून मोजायचे. अनेक भाषांमुळे मुलाच्या वाढीत दोष येत नाही, हे पुष्कळ अभ्यासांनी दाखवलं आहे. बघायचं ते वेगळंच: वर्षाचं मूल बोटानं दाखवतं का, हाक मारली की वळतं का, सोळा महिन्यांपर्यंत एखादा तरी शब्द आहे का, दोन वर्षांचं झाल्यावर दोन शब्द जोडतं का. नसेल तर आधी कान तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, तिथं हे मोफत होतं.

अंगणवाडीनं पापाला बरंच दिलं आहे. वजन होतं, दंडाचा घेर मोजतात, माता-बाल कार्डावर नोंद होते. नुकताच गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटीचं बूस्टर आणि अ जीवनसत्त्वाचा डोस झाला. ताप आला, ती रात्रभर रडली, आईच्या विड्या कमी भरल्या. पण अंगणवाडीत तीन वर्षांखालच्या मुलाला बसायला जागा नाही. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी आहाराचं पाकीट मिळतं, ते घरी न्यायचं. 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती. पण ती कारखान्याच्या आवारापुरती, आणि राहत्या घराला त्या कायद्यानं आवार मानलंच नाही. ज्या बाया घरी बसून विड्या वळतात, त्यांच्या मुलांना ती कधी लागू झाली नाही.

पापाला अव्वा आहे. गल्लीच्या टोकाला एका घरात आजी नाही. तिथलं दीड वर्षाचं पोर आई विडी कंपनीच्या ब्रँचला विड्या द्यायला गेली की सात वर्षांच्या बहिणीकडे असतं, आणि त्या दिवशी बहिणीची शाळा बुडते. उंबऱ्याशी बसून राहणारं, पाऊण तास भाकरीचे तुकडे पडू देणारं, तोंडातली बी वेळेवर काढणारं मोठं माणूस त्या पोराला कुठून मिळणार?

केंद्र सरकारच्या मिशन शक्तीत 2022 पासून ‘पाळणा’ योजना आहे. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, महिन्याला 26 दिवस, रोज साडेसात तास. देशभरात अशी 17,000 केंद्रं काढायचं ठरलं आहे. महापालिका आणि महिला व बालविकास विभाग यांनी ती सोलापूरच्या विडी कामगार वस्त्यांत, नीलम नगर, दत्त नगर, विडी घरकुल, कुंभारीची वसाहत, इथं आधी द्यावीत, आणि त्यात अव्वाच्या वयाच्या अनुभवी बायकांना रीतसर पगारावर नेमावं. आपल्या भागातल्या अंगणवाडीसाठी अशी मागणी करणारा अर्ज आम्ही गल्लीतल्या बायकांनी लिहायला घेतला आहे. तुमच्या भागातूनही असाच एक अर्ज जाऊ द्या.