बॅटरीच्या सायकलला दिवा घेताना आधी व्होल्ट बघा

रब्बीचा हरभरा असो की मांजराकाठचा ऊस, पाणी द्यायला रात्री शेतात जाणे आपल्या बिलोली भागात अनेकांना चुकत नाही. कृषिपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू आहे. तरीही ज्या फीडरवर रात्रीची पाळी आहे, तिथे लाईन आली की आखाडा गाठावाच लागतो. अशा कामाला बॅटरीवर चालणारी जाड टायरची सायकल बरी पडते. पण सोबत आलेला दिवा लहान वाटला, की बाजारातून मोठा आणून जोडला जातो, आणि घोटाळा होतो तो इथेच.

जुन्या सायकलच्या डायनामोचा दिवा ६ व्होल्टचा, मोटारसायकलचा १२ व्होल्टचा. बॅटरीच्या सायकलची बॅटरी मात्र बहुधा ३६ किंवा ४८ व्होल्टची असते. नेहमीची ३६ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी पूर्ण चार्ज झाली की ४२ व्होल्टपर्यंत जाते, ४८ ची ५४.६ पर्यंत. तिच्यावर १२ व्होल्टचा दिवा थेट जोडला तर तो जळणारच. नुसता दिवा गेला तर नशीब समजा. वायर शॉर्ट झाली तर कंट्रोलरही जातो, आणि तो दिव्याच्या कितीतरी पट महाग.

म्हणून दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. एक, बॅटरीवर छापलेले व्होल्ट. दोन, कंट्रोलरला दिव्याची वेगळी वायर आहे का. तीन, असल्यास त्या वायरवर किती व्होल्ट येतात. काही कंट्रोलर ६ किंवा १२ व्होल्ट देतात, काही बॅटरीचे पूर्ण व्होल्ट तसेच सोडतात. हे वायरच्या रंगावरून कळत नाही. मिस्त्रीकडून मीटर लावून मोजून घ्या, धन-ऋण कोणते तेही तेव्हाच बघा.

पूर्ण व्होल्ट येत असतील तर '१२ ते ६० व्होल्ट' असे छापलेला दिवा घ्यावा. १२ चाच दिवा बसवायचा असेल तर मध्ये व्होल्ट उतरवणारा कन्व्हर्टर आणि बॅटरीकडच्या बाजूला फ्यूज टाकावा. वायर तोडण्याआधी हमीपत्र जरूर वाचा.

एक जुगाड मात्र टाळा. जुन्या पद्धतीच्या ३६ व्होल्टच्या संचात १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या असतात. त्यातल्या एकीवरूनच दिव्याची वायर काढून देतात. दिवा लागतो, पण ती एक बॅटरी रोज जास्त उतरते. जोडीतला एकच बैल जादा राबवला तर तो आधी बसतो, मग दुसऱ्याचाही उपयोग राहत नाही. इथेही तसेच होते, पूर्ण संच लवकर बाद होतो.

आता वॅट. बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची धरली तर तिच्यात ३६० वॅट-तास वीज मावते. ५ वॅटचा दिवा दोन तासांत १० वॅट-तास खातो, म्हणजे शंभरातले तीनही नाहीत. ३० वॅटचा फोकस तेवढ्याच वेळात ६० खातो, म्हणजे सहावा हिस्सा गेला. शिवाय कंट्रोलरची दिव्याची वायर एवढा भार सोसेलच असे नाही. चांगल्या काचेचा ५ ते १० वॅटचा दिवा पांदणीला पुरतो.

ताशी २५ किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला सात मीटर जाते. खड्डा दिसून ब्रेक दाबेपर्यंत तेवढे अंतर गेलेले असते. म्हणून निदान पंधरा-वीस मीटर पुढचे दिसले पाहिजे. पण दिवा आभाळाकडे नको, समोरच्याचे डोळे दिपतात. संध्याकाळी भिंतीपासून पाच मीटरवर सायकल उभी करा. प्रकाशाचा मधला भाग दिव्याच्या उंचीपेक्षा वीतभर खाली पडावा. पुढे शॉकअप असेल तर हँडल वळताना ताणणार नाही इतकी वायर ढिली सोडा. पावसाचा आणि धुळीचा विचार करून 'आयपी ६५' छापलेला दिवा घ्या.

नरसी-बिलोली रस्त्यावर यायचे असेल तर मागून येणाऱ्यालाही आपण दिसलो पाहिजे. पाव किलोवॅटपेक्षा कमी मोटार आणि २५ च्या आत वेग असलेल्या पायडलच्या सायकलीला कायद्याने मोटार वाहन धरत नाहीत. मात्र त्या सवलतीसाठी चांगले ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर असावा लागतो. मागे लाल दिवाही लावला तर उत्तम.

ज्यांच्या कंट्रोलरला दिव्याची वायरच नाही, त्यांनी स्वतःची बॅटरी असलेला, हँडलवरून काढता येणारा दिवा घ्यावा. तो वेगळा चार्ज करावा लागतो खरा. पण सायकल बांधावर लावून मोटारीपर्यंत पायी जाताना तोच हातात धरता येतो. मण्यार, घोणस रात्रीच फिरतात. सायकलचा दिवा जोडलेला असला तरी बॅटरी जवळ ठेवाच.

सरपंच व ग्रामपंचायतीच्या मंडळींनाही एक सांगणे. पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्यासाठी अशी सायकल घ्याल तर दरपत्रकात नुसते 'हेडलाईटसह' लिहू नका. किती व्होल्टवर चालणारा, किती वॅटचा, कोणत्या आयपी क्रमांकाचा, हे लिहा. सायकल ताब्यात घेताना अंधारात चालवून बघा, मगच सही करा.