तीन चेंडू, दोन धावा

२३ मार्च २०१६, बंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम. टी-ट्वेंटी विश्वचषकात भारताच्या १४६ धावांचा पाठलाग करणाऱ्या बांगलादेशला शेवटच्या षटकात ११ धावा हव्या होत्या. हार्दिक पंड्याला मुशफिकुर रहीमने लागोपाठ दोन चौकार ठोकले आणि विजय साजराही करून टाकला. बाजारात तुरी म्हणतात ती हीच! तीन चेंडूंत दोन धावा अजून काढायच्या होत्या. पुढच्याच चेंडूवर तो धवनच्या हाती झेल देऊन परतला. महमुदुल्लाहनेही तसाच उंच फटका मारला. झेल जडेजाने टिपला. शेवटचा चेंडू बॅटला लागलाच नाही. चोरटी धाव घ्यायला निघालेला मुस्तफिझुर पोहोचण्याआधी, उजव्या हाताचा ग्लोव्ह काढून तयार असलेल्या धोनीने धावत येऊन यष्ट्या उडवल्या. भारत एका धावेने जिंकला.

ऐनवेळी अशी कच खाण्याला क्रिकेटच्या बोलीत ‘चोक’ म्हणतात. १९९९च्या विश्वचषकात एजबॅस्टनला दक्षिण आफ्रिकेवर हा शिक्का घट्ट बसला. तिथेही शेवटच्या षटकात क्लुसनरचे दोन चौकार, धावसंख्येची बरोबरी, चार चेंडूंत हवी एकच धाव. आणि डोनाल्ड धावबाद.

असं का होतं? मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक यांचं उत्तर असं : सरावलेला हात आपोआप चालतो, दडपण आलं की माणूस त्याच्यावर पहारा बसवतो आणि लय बिघडते. मुरलेल्या खेळाडूंना मुद्दाम स्वतःच्या हालचालींकडे लक्ष द्यायला लावलं, तर त्यांचा खेळ घसरतो, हे प्रयोगांत दिसलं आहे.

बांगलादेशचं दुखणं मात्र मला वेगळं वाटतं. तिथे अवसान गळालं नव्हतं, उतावीळपणा नडला. दोन एकेरी धावांनी भागत असताना दोघांना षटकाराचा मोह पडला.

पण निसटत्या प्रत्येक पराभवाला ‘चोक’ म्हणायची आपली सवय चुकीचीच. मार्च १९८७मध्ये याच चिन्नास्वामी मैदानावर पाकिस्तानविरुद्ध २२१ धावांचं लक्ष्य होतं. चेंडू हातभर वळत होता, मधूनच उसळत होता. सुनील गावसकर आपल्या अखेरच्या कसोटी डावात ९६ धावांवर बाद झाले आणि भारत १६ धावांनी हरला. त्या खेळपट्टीवर २०४पर्यंत पोहोचणाऱ्या संघाने कच खाल्ली, असं म्हणणं निव्वळ अन्याय आहे.