नातवंडाच्या मानेवरचा काळेपणा

नातवंडाला न्हाऊ घालताना त्याच्या मानेवरचा काळपट पट्टा मळ समजून घासणारे आजी-आजोबा मला नेहमी भेटतात. बेसन लावले, लिंबू चोळले, तरी तो जात नाही. मूल लठ्ठ असेल आणि मानेमागची किंवा काखेतली त्वचा काळी, जाड व मखमलीसारखी झाली असेल, तर शरीर इन्सुलिनला पुरेसे जुमानत नसल्याची ती बहुधा खूण असते. अशा वेळी साखर आटोक्यात ठेवण्यासाठी स्वादुपिंड अधिक इन्सुलिन तयार करते आणि त्या वाढीव इन्सुलिनमुळे त्वचा जाड व काळी होते. हे वर्षानुवर्षे चालले, तर एके काळी चाळिशीनंतरचा मानला जाणारा मधुमेह किशोरवयातच गाठू शकतो.

आणखी काही खुणा घरातच दिसतात. मूल रोज मोठ्याने घोरते, झोपेत त्याचा श्वास मध्येच अडतो, दिवसा ते पेंगते. मांडी किंवा गुडघा दुखून मूल लंगडू लागले, तर खुब्याचे हाड सरकलेले असू शकते. त्याला चालवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वाढलेला रक्तदाब आणि यकृतातील चरबी मात्र बहुधा तपासणीतच कळतात.

आपल्या बालपणी अन्नाची टंचाई असे, म्हणून गुटगुटीत मूल पाहून समाधान वाटे. आज चित्र पालटत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३.४ टक्के झाले.

अशा मुलाची उपासमार करू नये. ते वाढते आहे. पुष्कळदा उंची वाढत असताना वजन स्थिर राहिले तरी पुरते. डॉक्टरांकडून उंची-वजन, रक्तदाब व आवश्यक त्या रक्ततपासण्या करून घ्याव्यात. बिस्किटे, फरसाण आणि गोड पेये घरात आणूच नयेत. लाडाचा खाऊ म्हणून पेरू, काकडी, मूठभर फुटाणे द्यावेत. रोज किमान ६० मिनिटे खेळ हवा. संध्याकाळी फिरायला जाताना नातवंडाचे बोट धरावे. पथ्य घरातल्या सर्वांनी पाळावे आणि ‘जाड्या’ अशी हाक कोणीही मारू नये.

वजन आटोक्यात आले की मानेवरचा काळेपणाही हळूहळू फिकट होऊ लागतो. त्याला काही महिने लागतात. तोवर धीर धरावा.