मुलांच्या मनाचा मुका मार

मुंबईत अँटॉप हिलला लागून असलेल्या शीव कोळीवाड्यात १९४७ च्या फाळणीनंतर निर्वासित कुटुंबं वसली. अशा कुटुंबांतल्या मुलांबद्दल आपण सहज म्हणतो, ‘लहान आहेत, विसरतील.’ तसं होतंच असं नाही. मनोआघात (असह्य भीतीने मनाला झालेली इजा) मुक्या मारासारखा असतो. वरून खरचटलेलं दिसत नाही, आत ठणकत राहतं. मूल सुटलेला अंगठा पुन्हा चोखतं, अंथरूण ओलं करतं, फटाका वाजला की आईचा पदर धरतं. हा हट्ट नव्हे. रागावू नये, खोदून विचारू नये. वेळेवर जेवण, शाळा, खेळ यांनी धीर येतो. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ पासून पोलिश निर्वासित मुलांसाठी शाळा होत्या, त्या मला म्हणूनच मोलाच्या वाटतात. आईवडिलांनाही आधार हवाच. तेच खचले तर मूल कोणाकडे बघणार? त्रास महिनाभर टिकला, तर शीव रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.