पांढऱ्यासाठी जांभळा

बटर आणि पिठीसाखर फेटून केलेलं क्रीम पांढरंशुभ्र हवं असेल तर त्यात कोणता रंग घालावा? जांभळा! हसू येईल, पण घरून केक करून देणाऱ्या कुणालाही विचारा. टूथपिकच्या टोकाला जेमतेम दिसेल इतका जांभळा जेल घ्यायचा, क्रीममध्ये एक रेघ ओढायची आणि बीटर सुरू करायचा. आधी मळकट पट्टे उमटतात, सगळं क्रीम वाया गेलं असं वाटतं. मग पट्टे विरतात आणि जाताना पिवळटपणाही घेऊन जातात.

जांभळा गेला कुठे? तिथेच आहे. बटरमधलं कॅरोटीन प्रकाशातला निळा भाग गिळतं, म्हणून बटर पिवळं दिसतं. जांभळा रंग हिरव्यापासून नारिंगीपर्यंतचा भाग गिळतो. दोघांनी मिळून सगळीकडूनच थोडा थोडा प्रकाश खाल्ला की कुठलाच रंग वरचढ राहत नाही. खरं तर क्रीम आता कणभर काळपटच झालेलं असतं, पण डोळा त्याला पांढरं म्हणून मोकळा होतो. सदऱ्याला नीळ देतात तीही याच हिशेबाने.

मुळात हा पिवळा येतो गाईच्या हिरव्या चाऱ्यातून. म्हैसही तोच चारा खाते, पण त्यातल्या जवळजवळ सगळ्या कॅरोटीनचं ती ‘अ’ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं लोणी पांढरं. दुकानातल्या पिवळ्याधमक खारट बटरच्या वेष्टनावर मात्र बारीक अक्षरांत ॲनाटो सापडण्याची शक्यता आहे. ॲनाटो म्हणजे शेंद्रीच्या बियांचा रंग.

हा पिवळा विसरलात की आकाशी क्रीम हमखास फसतं. ब्रिलियंट ब्लू हा खाण्यातला निळा रंग प्रकाशातला तांबडा-नारिंगी भाग घेतो, निळ्यावर बटरने आधीच डल्ला मारलेला असतो, आणि हाती उरतो हिरवा. म्हणून आधी जांभळ्याने पिवळा मारायचा, मगच निळा घालायचा.

लालभडक क्रीम ही त्याहून मोठी पंचाईत. साखरेचे कण आणि हवेचे बुडबुडे प्रकाश चहूकडे उधळतात आणि त्या पांढऱ्या गर्दीत लाल रंग गुलाबी होऊन बसतो. आणखी ओतत गेलात तर क्रीम कडवट लागतं. त्यापेक्षा रात्रभर झाकून ठेवावं. हे रंग पाण्यात विरघळतात, तेलात नाही. आणि बटरमध्ये पाणी साधारण 16 टक्के, तेही चरबीत अडकलेल्या बारीक थेंबांत. तिथपर्यंत पोचायला रंगाला वेळ लागतो, म्हणून रात्रीचं गुलाबी क्रीम सकाळी बरंच गडद झालेलं असतं. घाई असलेले लोक थोडं क्रीम मायक्रोवेव्हमध्ये वितळवून परत मिसळतात. काळ्यासाठी तर पांढऱ्यापासून सुरुवातच करू नये. आधी कोको घालून तपकिरी करून घ्यावं, मग काळा.

आणखी एक गंमत. भारतात खाण्यात चालणारे कृत्रिम रंग 8, आणि त्यांत जांभळा एकही नाही! बाटलीतला कृत्रिम जांभळा म्हणजे लाल आणि निळ्याची मिसळ. त्यातला लाल जर एरिथ्रोसिन असेल तर तो उजेडात निळ्याच्या आधी विटतो, आणि खिडकीपाशी मांडलेल्या केकवरची जांभळी फुलं निळी पडू लागतात. असा केक कापायची वेळ होईपर्यंत खोक्यातच राहू द्यावा.