पुतण्याची यादी

मागील पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारीं, आमच्या वांद्र्याच्या घरीं जेवणें आटोपल्यावर, आमच्या पुतण्यानें एक कागद आमच्यापुढें ठेविला. कागदावर सात जिन्नसांची यादी होती: मोठा पिस्टन व त्याचा सिलिंडर, नवा कॅमशाफ्ट, उघडा एअर फिल्टर, मोकळा सायलेन्सर, कार्ब्युरेटरचे जेट, क्लच प्लेटी आणि चेन-स्प्रॉकेट. यांपैकीं फिल्टर व सायलेन्सर चिरंजीवांनीं कोणास न विचारतां बसवूनही टाकले होते; ती वार्ता साऱ्या सोसायटीस, विशेषतः आमच्या मातोश्रींस, रोज रात्रीं साडेदहा वाजतां कळत असे. उरलेल्या पांच वस्तूंस मात्र घरच्यांची संमति हवी होती. कारण गाडी त्याची एकट्याची नव्हे. ती थंडरबर्ड ३५० आमच्या धाकट्या बंधूंनीं २०१३ सालीं मोठ्या हौसेनें घेतली, पुष्कळ वर्षें चालविली, आणि गुडघे कुरकुरूं लागल्यावर मुलाच्या हवालीं केली. बंधु त्या गाडीविषयीं फारसें बोलत नाहींत; परंतु ती खालीं सुरू झाली कीं हातांतील वर्तमानपत्र क्षणभर खालीं येतें, हें आम्हीं पाहिलें आहे.

‘गाडींत उणें काय आहे?’ असा आमचा पहिला प्रश्न होता. उत्तर आलें, ‘काका, तिला दम नाहीं.’ अधिक खोदून विचारतां दोन तक्रारी निघाल्या. दोघे बसले असतां कसाऱ्याच्या घाटांत गाडी मागें ओढल्यासारखी चालते. आणि मोकळ्या रस्त्यावर नव्वदीच्या पुढें गेली कीं थरथरते.

दुसऱ्या तक्रारीविषयीं आम्हांस थोडें हंसूं आलें. आमच्या दारापासून जवळच २००९ सालीं सागरी सेतु खुला झाला. त्यावर दुचाकीस मज्जाव आहे. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावरही मनाई, नव्या सागरी किनारा मार्गावर मनाई, आणि २०२४ सालीं सुरू झालेल्या अटल सेतूवरही मनाई. म्हणजे वेगासाठीं जे जे रस्ते बांधले, ते ते मोटारसायकलीस बंद. तिला उरले माहीमचा कॉजवे, स्वामी विवेकानंद रस्ता, आणि सुट्टीच्या दिवशीं खंडाळ्याचा जुना घाट. तेव्हां वेगाची गोष्ट सोडून देऊं. घाटाची तक्रार मात्र खरी मानली पाहिजे.

आतां क्रूझर म्हणून जी जात आहे, तिची घडणच निराळी. बैठक खालीं, पाय पुढें, दोन चाकांतील अंतर लांब. थंडरबर्डच्या इंजिनाचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. धाव व्यासाहून लांब असलेलें इंजिन फार जलद फिरत नाहीं. परंतु कमी फेऱ्यांतच त्याचा ओढा भरपूर असतो. या इंजिनाचा सर्वांत अधिक ओढा, २८ न्यूटन-मीटर, मिनिटास ४००० फेऱ्यांवरच मिळतो. पुण्याच्या बजाज कंपनीची कथाही येथें ध्यानांत घेण्याजोगी आहे. तिनें २००१ सालीं कावासाकीबरोबर एलिमिनेटर काढली, २००५ सालीं ॲव्हेंजर आणली, आणि २०१० सालीं त्याच ॲव्हेंजरला पल्सर २२० च्या कुळांतील इंजिन दिलें. पल्सरमध्यें तें सुमारें २१ अश्वशक्ति देत असे. ॲव्हेंजरमध्यें कंपनीनें तें १९ वर आणलें. सारीं साधनें हाताशीं असतां कारखानदारानें स्वतःच्या हातानें शक्ति कमी केली, ती क्रूझरच्या प्रकृतीस साजेल म्हणून. आमच्या पुतण्यास हें ठाऊक नव्हतें. तो थोडा विचारांत पडला.

नंतर आम्हीं पेन्सिल घेतली व मोठ्या पिस्टनचें गणित मांडलें. आमचें आयुष्य कारखान्यांतील लोखंडाच्या सहवासांत गेलें असल्यानें एवढें गणित आम्हांस येतें. ७० व्यास व ९० धाव यांनीं ३४६ घन सेंटीमीटर जागा होते. पिस्टन वर असतां हेडांत जी जागा उरते, ती सुमारें ४६ घन सेंटीमीटर. म्हणून पेट्रोल-हवेचें मिश्रण साडेआठ पटींनीं दाबलें जातें. याच घराण्यांतील थंडरबर्ड ५०० चा व्यास ८४ आणि धाव तीच ९०. जागा झाली ४९९. आतां ८४ चा पिस्टन जुन्याच हेडाखालीं घातला तर दाब साडेआठवरून जवळजवळ बारा पटींवर जाईल. कंपनीनें ५०० च्या गाडींतही दाब साडेआठच ठेविला, म्हणजे हेडांतील जागा साडेसहासष्टपर्यंत वाढविली; शिवाय इंधनासाठीं कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन दिलें. नुसता पिस्टन मोठा केला नाहीं. ‘पण मी ७४ चाच घेणार आहें,’ असें पुतण्या म्हणाला. तरीही जागा ३८७ आणि दाब ९.४. हा आंकडा भयंकर नाहीं. परंतु अधिक दाब म्हणजे अधिक उष्णता, आणि हें इंजिन नुसत्या वाऱ्यानें थंड होणारें. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीस वारा कोठून मिळणार? साध्या पेट्रोलवर टकटक ऐकूं येऊं लागली कीं समजावें, पिस्टनच्या माथ्यावर हातोडे पडत आहेत.

पैशांचा प्रश्न निघेल तेव्हां निघो. त्याआधीं कायद्याचा प्रश्न आहे. गाडीच्या नोंदणीपुस्तकांत ३४६ हा आंकडा लिहिलेला असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम सांगतें कीं मूळ कारखानदारानें ठरविलेल्या व पुस्तकांत नोंदलेल्या तपशिलांशीं विसंगत फेरबदल करूं नये; सर्वोच्च न्यायालयानेंही जानेवारी २०१९ मध्यें तेंच बजावलें. त्याच सालच्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक फेरबदलास पांच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली. अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल, हा प्रश्न आमच्या वहिनींनीं स्वयंपाकघरांतून विचारला. त्याचें उत्तर कोणासच देतां आलें नाहीं. पिस्टनवर काट पडली. कॅमशाफ्टवरही पडली, कारण कॅम बदलून जो जोर मिळतो तो बहुधा वरच्या फेऱ्यांत, आणि घाटांत लागतो तो खालच्या.

राहिले आधींच बसविलेले दोन जिन्नस. आम्हीं त्यास स्पार्क प्लग काढून आणावयास सांगितलें. प्लगचें टोक चुन्यासारखें पांढरें निघालें. एक भाग पेट्रोलास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा, हें पूर्ण ज्वलनाचें प्रमाण. उघड्या फिल्टरनें आणि मोकळ्या सायलेन्सरनें हवेची वाट रुंद केली, पण जेट जुनेच राहिले. पेट्रोल तेवढेंच, हवा जास्त. मिश्रण पातळ झालें, इंजिन तापूं लागलें, आणि ज्या ‘दमा’साठीं हा खटाटोप तोच कमी झाला. दुकानदारानें दोन्ही वस्तु विकतांना जेटचें नांवही काढलें नव्हतें. आवाज वाढल्यामुळें शक्ति वाढली असा भास होतो, ही गोष्ट पुतण्यानें स्वतःच कबूल केली. आणि हें कबूल करावयास विसाव्या वर्षीं थोडें धैर्य लागतें, असें आम्हांस वाटतें.

पुढल्या आठवड्यांत गाडी आमच्या ओळखीच्या वृद्ध मेस्त्रींकडे गेली. त्यांनीं कांहीं विकण्याची घाई केली नाहीं. प्रथम सिलिंडरचा दाब मोजला, नंतर क्लच उघडला. प्लेटी झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. घाटांत इंजिन फिरत होतें, पण तो सारा जोर चाकापर्यंत पोंचतच नव्हता! साखळी ताणलेली, मागच्या ब्रेकचे पॅड कागदाएवढे उरलेले. दाब थोडा उतरला होता, म्हणून पिस्टनच्या रिंगा मूळ मापाच्याच नव्या घातल्या. यादींतील क्लच प्लेटी व चेन-स्प्रॉकेट मंजूर झालीं. फक्त स्प्रॉकेटचे दांत कंपनीचेच ठेविले. पुढच्या चाकीस एक दांत वाढविल्यास मोकळ्या रस्त्यावर थरथर कमी होते, हें खरें. परंतु चढावर तितकेंच नुकसान होतें, आणि आमची तक्रार चढाचीच होती. फिल्टर व सायलेन्सर मूळचे परत चढले. ज्यांच्या गाडीचें इंजिन धडधाकट आहे व नोंदणीचें माप बदलावयाचें नाहीं, त्यांनीं आधीं टायर व ब्रेक यांवर खर्च करावा, असें मेस्त्रींचें मत पडलें. आम्हीं त्यास दुजोरा दिला.

दिवाळीनंतर पुतण्या नाशिकास निघाला तेव्हां मागें बसावयास कोण, हा प्रश्न आला. बंधु उठले, गुडघ्यांस पट्टे बांधले, आणि कोणाचें न ऐकतां बसले. कसाऱ्याचा घाट गाडी तिसऱ्या गिअरांत कुरकुर न करितां चढली, असें सायंकाळीं फोनवर कळलें. परत आल्यावर प्लग आमच्यापुढें आला. रंग भाजलेल्या बिस्किटासारखा. मोकळा सायलेन्सर सध्यां माळ्यावर जुन्या पितळी घंगाळाशेजारीं आहे. तो विकावा कीं ठेवावा, यावर घरांत अद्याप एकमत झालेलें नाहीं.