वसईच्या घंटा आणि ऐकणारे कान

मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसईच्या किल्ल्याने तहाची कलमे मान्य केली आणि पोर्तुगीजांचा तेथील अंमल संपला, तेव्हा जिंकलेल्या मुलुखाबरोबर इगर्जींच्या घंटाही मराठ्यांच्या हाती आल्या. त्यांतील एक नाशकास गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळावर चढली, दुसरी भीमाशंकरी टांगली गेली. भीमाशंकरच्या घंटेवर 1729 हा आकडा आणि क्रूस आजही स्पष्ट दिसतात. धातू बदलला नाही, घडण बदलली नाही. बदलला तो ऐकणाऱ्याचा कान.

इगर्जीच्या मनोऱ्यावरील घंटा वाजविणारा एक आणि ऐकणारा सारा गाव असतो. सकाळ, मध्यान्ह आणि सायंकाळ ती प्रार्थनेची वेळ सांगते, आणि तिचे संथ, अंतराअंतराने पडणारे टोले ऐकताच कोणा घरी मृत्यू झाला हे ख्रिस्ती माणूस विचारल्यावाचून जाणतो. देवळात मात्र प्रत्येक भाविक आपल्याच हाताने घंटा वाजवून आपण आल्याची वर्दी देवास देतो, आणि पूजाविधीतील घंटानाद देवांना पाचारण करणारा व अमंगलास पिटाळून लावणारा मानला जातो. म्हणून जो एकटा, गंभीर टोला वसईच्या एखाद्या वृद्धेच्या मनात शोक जागवील, तोच भीमाशंकरच्या यात्रेकरूस दर्शनाची चाहूल वाटेल.

याचे बीज श्रवणक्रियेतच आहे. युरोपीय घडणीच्या घंटेतून एका आघातासरशी अनेक स्वर उठतात आणि त्यांत कोमल गांधाराच्या अंतरावरील स्वर ठळक असतो; परंतु ज्याला आपण घंटेचा मुख्य स्वर म्हणतो, तो धातूच्या कंपनांत स्वतंत्रपणे बहुधा सापडतच नाही, कारण वरच्या स्वरांच्या परस्परप्रमाणावरून तो आपली श्रवणशक्तीच रचते. येथवर सर्व मनुष्यांचे कान सारखे. त्या रचलेल्या स्वराला अर्थ मात्र ज्याचा त्याचा संस्कार देतो. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने 2014 साली ध्वनिपरिसराची जी व्याख्या केली, तीतही माणसास विशिष्ट संदर्भात जाणवलेल्या ध्वनींचाच विचार आहे, केवळ मोजलेल्या ध्वनींचा नाही.

वारसास्थळांच्या दफ्तरात दगडांची मापे आणि शिलालेखांचे ठसे असतात, तशी ऐकणाऱ्यांची साक्षही असली पाहिजे. भीमाशंकरच्या घंटेची नोंद करताना तेथील पुजाऱ्याशेजारी वसईच्या ख्रिस्ती वृद्धेलाही बसवावे, आणि एकाच टोल्यानंतर दोघांना काय ऐकू आले ते लिहून घ्यावे.